सहाव्या ओळीतल्या आत्याबाई

माझा स्वभाव तापट आहे हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी तोंड वाकडं करायला नको. आमच्या घरामागे माझं काकडीचं हरितगृह आहे. लोखंडी पाइपांच्या कमानी, त्यावर दुधी प्लास्टिक, आत सुतळीवर चढवलेल्या वेलांच्या आठ ओळी आणि रस्त्याच्या बाजूला गुंडाळून वर नेता येतो असा लांबलचक पडदा. पडद्याला हँडल आहे. ते सकाळी दहाच्या आत कुणी फिरवायचं नाही, हा माझा नियम. दारावर तशी पाटीच आहे, लाल रंगात, माझ्या हातची: 'दहाच्या आत पडदा उचलू नये.' ज्या माणसानं हरितगृह उभारून दिलं तो सात वर्षांपूर्वी जाताना हेच बजावून गेला होता. आतली ऊब आत राहिली पाहिजे, त्यासाठीच तर हा सगळा खटाटोप. सात वर्षांत हा नियम कुणी मोडला नाही. टाप होती कुणाची?

आता आत्याबाई. माझ्या नवऱ्याची सख्खी आत्या, म्हणजे माझी आतेसासू. दोन वर्षांपूर्वी गुडघा दाखवायला म्हणून आठ दिवसांसाठी आल्या. डॉक्टरांनी गुडघा पाहिला, गोळ्या दिल्या. गुडघा बरा झाला आणि आत्याबाई राहिल्या. राहिल्याचं काही नाही हो, पण बोलतात! सकाळी डोळा उघडला की जो तोंडाचा पट्टा सुरू होतो तो थेट रात्री उशीला डोकं टेकेपर्यंत. चहात साखर कमी आहे एवढं सांगायला त्यांना पाऊण तास लागतो, कारण वाटेत त्यांची शाळेतली मैत्रीण, तिचा नवरा, त्या नवऱ्याचा सैन्यातला मामा आणि मामाचं कुत्रं एवढे सगळे भेटतात. तोवर चहा गार. मग तो गार आहे हे सांगायला आणखी पाऊण तास.

आमचे हे वायरमन. दिवसभर दुसऱ्यांच्या घरी शिडीवर असतात, त्यामुळे त्यांना काय त्याचं. घरात असले तरी दिवसाकाठी तीन वाक्यं बोलतात आणि त्यातलं एक 'बरं' असतं. त्यामुळे आत्याबाईंचं सगळं बोलणं माझ्या एकटीच्या वाट्याला यायचं.

एके दिवशी मी टाकीत वेलांच्या खताचं पाणी कालवत होते. मापं मोजून टाकावी लागतात. शेजारी आत्याबाई त्या कुत्र्याच्या ऑपरेशनपर्यंत आल्या होत्या. कितवं माप टाकलं ते मी विसरले आणि अख्खी टाकी ओतून द्यावी लागली. माझं डोकं जे फिरलं!

"आत्याबाई, भावजींनी नवा फ्लॅट घेतलाय ना? तिकडेच राहायला जा तुम्ही. मला आता सहन होत नाही!"

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाल्या. एकच शब्द. दोन वर्षांत त्यांनी एका शब्दात उत्तर दिल्याचं मला आठवत नाही. मला जरा चुकचुकल्यासारखं झालं, पण मी कसली मागे घेतेय शब्द? त्याच दिवशी भावजींना, म्हणजे माझ्या दिराला, फोन केला. ते म्हणाले, "आनंदानं वहिनी. आत्याच्या खोलीचा रंग चाललाय, रंगारी आठवड्यात संपवतो म्हणालाय. संपला की येतोच न्यायला."

रंगाऱ्याचा आठवडा किती दिवसांचा असतो हे ज्यांनी घराला रंग दिलाय त्यांना ठाऊक आहे. आणि भावजींना येण्याआधी फोन करायची सवय नाही. एकदम दारात उभे राहतात. त्यामुळे आत्याबाई कधी जाणार हे कुणालाच सांगता येईना.

तोवर निदान स्वयंपाकघरात शांतता नांदावी म्हणून मी त्यांना हरितगृहात काम दिलं. वेलाचा शेंडा चिमट्यानं सुतळीला अडकवायचा, खालची पिवळी पानं काढायची. सहाव्या ओळीच्या रस्त्याकडच्या टोकाला एक क्रेट उपडा घातला आणि त्यावर त्यांना बसवलं. सकाळी आठ ते दहा. जाता-येता कानावर पडायचं, वेलांना त्या मैत्रिणीची गोष्ट पहिल्यापासून सांगणं चाललं होतं. बिचारे वेल. बांधलेलेच, जातील कुठे!

दहाला त्या घरात यायच्या तेव्हा डाव्या चपलेला माती. रोज. उजवी स्वच्छ आणि डावी बरबटलेली. "आत्याबाई, तुम्ही काय एका पायानं नांगरता का?" म्हणून मी ओरडायचे. त्या "अगंबाई, खरंच की" म्हणून पाय झटकायच्या आणि माती आणखी पसरायची.

तीन आठवड्यांनी माझ्या लक्षात आलं की सहाव्या ओळीच्या त्या टोकाचे दहा-बारा वेल वेगळेच दिसताहेत. पानं हिरवीगार, तळहातापेक्षा मोठी. काकड्या सरळ, भरलेल्या, एका मापाच्या. बाकीच्या सात ओळींत मात्र नेहमीचं रडगाणं, पानं कडेला पिवळी आणि काकड्या टोकाला वाकड्या. तेच पाणी, तेच खत, तेच बी. मी वाकून वाकून बघितलं. माती हुंगली. काही कळेना.

आमची लेक कॉलेजात पर्यावरण शिकते. त्या वर्षी तिला हरितगृह परिणामावर प्रकल्प करायचा होता. तिनं वेल पाहिले, क्रेटवर बसून बोलणाऱ्या आत्याबाईंना पाहिलं आणि मला बाहेर ओढून नेलं.

"आई, हे आत्याआजीमुळे होतंय!"

"त्यांची दृष्ट लागायच्या ऐवजी उलटी लागली की काय?"

"ऐक गं. कार्बन डायऑक्साइड. बाहेर हा वायू वाढलाय म्हणून जगभर बोंबाबोंब चाललीय. उन्हानं जमीन तापते, तिची ऊब वर जायला निघते आणि हा वायू ती अडवून धरतो. त्यानं पृथ्वी तापतेय. पण झाडांचं तेच जेवण! तुझ्या बंद पडद्याआड सकाळी ऊन पडलं की वेल आतला वायू तासा-दोन तासांत खाऊन टाकतात आणि मग उपाशी बसतात. आपण श्वास सोडतो त्यात तोच वायू असतो. आणि आत्याआजी दोन तास अखंड बोलते, म्हणजे..."

पुढचं तिला सांगावं लागलं नाही. मी कपाळावर हात मारून घेतला.

"खरं तर आई, सोपा उपाय म्हणजे पडदा जरा लवकर..."

"पडद्याचं नाव काढायचं नाही."

"अगं, पण..."

"सात वर्षं मी काकडी लावतेय. तू सात महिने झाले शिकतेस. पडदा दहाला."

माझ्यासमोर पडद्याचा विषय तिथेच मिटला.

पण मी अशी-तशी विश्वास ठेवणारी नाही. पारखून घ्यायचं ठरवलं. आत्याबाईंना क्रेटसकट दुसऱ्या ओळीच्या रस्त्याकडच्या टोकाला हलवलं. पंधरा दिवसांत दुसऱ्या ओळीचं टोक तरारलं आणि सहावीचे वेल तोंड पाडून बसले. आता काय बोलणार? मी मुकाट्यानं ह्यांना म्हटलं, "भावजींना कळवा, काकडीचा हंगाम संपेपर्यंत आत्याबाईंना हलवायचं नाही."

हे म्हणाले, "बरं."

घरात ही गोष्ट आत्याबाईंना कळायला किती वेळ लागणार? लेकीनंच सांगितलं. त्या दिवसापासून बाईंचा रुबाब बघायचा! क्रेटवर उशी आली. उशीपाठोपाठ कोमट पाण्याचा तांब्या आला, का तर घसा जपायला हवा. सकाळी चहा झाला की उठायच्या आणि "चला, मला कामावर जायचंय" असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायच्या. सत्तराव्या वर्षी नोकरी लागल्याचा आनंद तो. शेजारणीला सांगत होत्या, "आमच्या सूनबाईचं पान हलत नाही माझ्याशिवाय. अक्षरशः पान!"

मग माझ्या मनात आलं की एका तोंडावर एक ओळ पोसते, तर घरात तोंडं आणखी आहेत. ह्यांना चौथ्या ओळीत बसवलं. अर्ध्या तासानं जाऊन बघते तर हे वेलाकडे बघताहेत आणि वेल ह्यांच्याकडे. "अहो, बोला काहीतरी!" ह्यांनी विचार केला. "काय बोलू?" वेलाला विचारलं, मला नाही. शेवटी हातात वर्तमानपत्र दिलं आणि मोठ्यानं वाचा म्हटलं. लेकीला सातवी ओळ दिली, तिनं तिथे बसून परीक्षेचं पाठांतर केलं. पहिल्या ओळीत मी स्वतः रोज तासभर उभी राहून फोनवर भांडले. रोपवाटिकेशी भांडले, पाइपवाल्याशी भांडले, भांडायला कुणी उरलं नाही तेव्हा चुकीच्या नंबरशी भांडले.

दोन आठवडे झाले, कुठे काही नाही. चौथी तशीच, सातवी तशीच, पहिली तर आणखी पिवळी. फक्त आत्याबाईंची दुसरी ओळ नुसती फोफावली होती.

आत्याबाई माझ्या ओळीपाशी आल्या, एक पान उलटंसुलटं करून पाहिलं आणि दयेनं म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नकोस गं. प्रत्येकीच्या श्वासात सत्त्व नसतं."

मी हे ऐकून घेतलं! मी! ज्या घरात माझ्या शब्दाबाहेर मांजर जात नाही, तिथे मी एका वेलापुढे अपमान गिळून उभी होते.

लेकीला मात्र हे पटेना. एका रविवारी तिनं कॉलेजातून हवेतला वायू मोजायचं यंत्र आणलं, तळहाताएवढं, वर आकडे दिसणारं. सकाळचे साडेआठ झाले होते. ऊन चांगलं पडलं होतं, पडदा अर्थातच बंद. आत्याबाई उशीवर बसून सैन्यातल्या मामाच्या बदलीपर्यंत आल्या होत्या. लेकीनं आधी बाहेर मोजलं, चारशे वीस. आत येऊन मधल्या ओळीत मोजलं, एकशे नव्वद.

"बघितलंस? उपाशी आहेत," ती म्हणाली. मग आत्याबाईंजवळ गेली. चारशे. यंत्र त्यांच्या तोंडाशी धरलं तर आकडा हजारावर उडाला, हातभर बाजूला घेतलं की परत चारशे. ती वाकली. पायाशी धरलं. चारशे दहा.

"हे उलटंच आहे," ती पुटपुटली. "श्वासाचा असता तर तोंडापासून लांब जाताना उतरत गेला असता. हा तर पायाशी वाढतोय. आई, इथे हात लाव. गार लागतंय."

मी खाली बसून हात घातला. खरंच गार झुळूक होती. वेलाची पानं बाजूला केली आणि बघते तर काय! पडद्याची खालची कड वीतभर वर उचललेली आणि तिच्याखाली आत्याबाईंची डावी चप्पल उभी करून अडकवलेली. चपलेच्या बाजूनं फट, फटीतून सरळ रस्ता दिसत होता आणि सकाळची मोकळी हवा निवांत आत येत होती.

माझा आवाज मलाच ओळखू येईना. "आत्याबाई, हे काय आहे?"

आत्याबाईंचा एक पाय अनवाणी होता, तो त्यांनी क्रेटखाली सरकवला.

"रस्ता दिसावा म्हणून गं," त्या म्हणाल्या.

"रस्ता कशाला दिसायला हवा? पाटी वाचता येत नाही? सात वर्षं..."

"धाकट्याची गाडी येताना दिसावी म्हणून. तो काही फोन करून येत नाही, आणि हंगाम संपला असं त्याला कधी वाटेल कुणी सांगावं. एकदम येऊन उभा राहिला असता म्हणजे... मला आधी कळायला हवं होतं. दोन मिनिटं तरी. तोंड धुऊन हसत बाहेर यायला तेवढी लागतात."

ओरडायला म्हणून जो श्वास घेतला होता तो कुठे सोडावा ते कळेना. अडीच महिने ही बाई रोज माझ्यासमोर बसून, एक चप्पल काढून, मी दिलेल्या शिक्षेची वाट बघत होती. आणि मी तिला चपलेच्या मातीवरून बोलत होते. मला स्वतःची लाज वाटली. साधी नाही, भरपूर.

आत्याबाई लेकीकडे वळल्या. "म्हणजे माझ्या बोलण्यानं काही होत नव्हतं?"

लेक अडखळली. "अगदीच काही नाही असं नाही, आत्याआजी. थोडं... म्हणजे अगदी थोडं."

"खरं सांग."

"फटीतून बाहेरची हवा यायची. वेलांना ती मिळत होती."

"अस्सं." आत्याबाईंनी उशी उचलली, उगाच झटकली. "मग मी कामावर नव्हतेच म्हणायची." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "आणि ती पृथ्वी तापतेय म्हणतेस, तिलाही अशी जरा फट नाही का ठेवता येत?"

"तिच्या पांघरुणाला फट नाही आणि हँडलही नाही. हरितगृह तापतं ते गरम हवा कोंडल्यामुळे, ते उघडता येतं. तिथे वायूच कमी सोडायला हवा."

"मग आपलं सोपं होतं गं," आत्याबाई म्हणाल्या आणि सवयीनं फटीकडे पाहिलं. पाहिलं ते बघतच राहिल्या.

"आला," म्हणाल्या.

पांढरी गाडी फाटकाशी थांबत होती. दोन मिनिटं कसली मिळताहेत? ह्यांनी बाहेरूनच भावजींना इकडे वळवलं आणि दोघं भाऊ हरितगृहाच्या दारात उभे राहिले.

"चला आत्या!" भावजी खुशीत होते. "रंगारी एकदाचा गेला! फिकट आकाशी दिलाय तुझ्या खोलीला. नववा मजला. खिडक्यांना दुहेरी काच, उघडायचंच काम नाही. धूळ नाही, आवाज नाही, एकदम शांत. आम्ही दोघं सकाळी ऑफिसला गेलो की संध्याकाळपर्यंत तुला त्रास द्यायला कुणी नाही."

"ये रे, ये," आत्याबाई म्हणाल्या. हसल्या सुद्धा. तोंड न धुता जितकं जमलं तितकं हसल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सूनबाई, ती माझी चप्पल काढून दे गं. एका पायात घालून कशी जाऊ?"

मी चपलेला हात घातला. ओढली असती तर पडदा खाली पडला असता, फट बुजली असती, आणि नियम, पाटी, स्वयंपाकघरातली शांतता सगळं पूर्वीसारखं झालं असतं. आणि माझ्या डोळ्यांपुढे ती आकाशी खोली आली. मामाच्या बदलीची पुढची गोष्ट ही बाई दुहेरी काचेला सांगणार होती.

मी उठले. हँडलपाशी गेले. पावणेनऊ वाजले होते. दोन्ही हातांनी हँडल फिरवायला सुरुवात केली. पडदा करकरत वर जाऊ लागला तसे सगळे माझ्याकडे भूत पाहिल्यासारखे बघायला लागले. मोकळी झालेली चप्पल मी उचलली आणि आत्याबाईंना न देता माझ्याच हातात ठेवली.

"आत्याबाई कुठेही जाणार नाहीत," मी म्हटलं.

भावजी गोंधळले. "वहिनी, पण फोन तर तुम्हीच केला होता."

"हो, मीच केला होता. माझी चूक झाली."

"ते काकडीचं म्हणत होता ना दादा? हंगामापुरतं... मला वाटलं, संपला असेल एव्हाना."

"काकडीला त्यांचा काडीचा उपयोग नाही. आत्ताच यंत्रावर दिसलं. हवं तर बघा."

"मग कशाला ठेवून घेताय?"

माझ्या हातात चप्पल होती आणि भावजी जरा मागे सरकले ते बहुधा त्यामुळेच.

"कारण मला करमणार नाही!" मी ओरडले. प्रेमानं बोलायला मला जमत नाही, मी ओरडूनच बोलते. "सकाळी उठून कुणावर खेकसू मी? ह्यांच्यावर? हे 'बरं' म्हणतात! आणि त्या मामाचं कुत्रं ऑपरेशननंतर जगलं की मेलं, हे मला अजून कळलेलं नाही!"

आत्याबाई काहीच बोलल्या नाहीत. पुन्हा त्या क्रेटवर बसल्या आणि डोळ्यांना पदर लावला. एक मिनिट गेलं. दीड मिनिट झालं. लेक घाबरून त्यांच्याजवळ जाऊन बसली.

तेवढ्यात ह्यांनी घसा साफ केला. "तो माणूस थंडीत म्हणाला होता."

"कोण माणूस?"

"हरितगृह उभं करणारा. 'थंडी आहे तोवर दहाला उघडा' म्हणाला होता. तू पाटीवर थंडी लिहायचं विसरलीस."

"आणि हे तुम्ही मला सात वर्षांनी सांगताय?"

"तू विचारलं नाहीस," हे म्हणाले. त्या दिवसाची तिन्ही आणि उद्याची दोन वाक्यं संपवून ते भावजींना चहाला घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाटी काढली. आठ वाजता पडदा वर केला. स्वयंपाकघरात आले, चहा ठेवला. घरात इतकी शांतता होती की दूध उतू जायच्या आधी त्याचा आवाज आला. मी दोन वर्षं हीच शांतता मागत होते. पाच मिनिटं ती सोसली आणि चहाचे दोन कप घेऊन हरितगृहात गेले.

आत्याबाई परत आपल्या जुन्या सहाव्या ओळीत जाऊन बसल्या होत्या. दोन्ही चपला पायात. क्रेटवर उशी, आणि शेजारी दुसरा क्रेट उपडा घातलेला. त्यावरही उशी होती.

"बस," त्या म्हणाल्या. "तुझ्या श्वासात सत्त्व नसलं तरी चालेल. कुत्रं जगलं. पण कसं जगलं ते पहिल्यापासून सांगावं लागेल."

मी बसले.